जोंधळ्याएवढी पेस्ट

उचगावात बायडाबाईनं कुणाला "काय, बरं हाय न्हवं?" असं विचारलं आणि समोरचा नुसता हसला, तरी तिचं काम झालेलं असायचं. ती माणसाकडं बघायचीच नाही, त्याच्या दाढा मोजायची. मुलगी बघायला बायका गेल्या की कुणी रंग बघतंय, कुणी नाक बघतंय, आणि ही बया मागनं म्हणायची, "पोरगी गुणाची हाय, पर खालची उजवी दाढ गेल्यात जमा हाय. लगीन झाल्यावर खर्च तुमच्याकडं येणार, आत्ताच बगून घ्या." बोलायची सोय नव्हती तिच्याशी. पण दाढ ठणकायला लागली, गाल सुजून टम्म झाला, की ह्याच बायका पदरानं तोंड दाबून तिच्याच दारात यायच्या. मग ती त्यांना वाट्टेल ते बोलत बोलत, हाताला धरून एसटीत बसवायची आणि आपल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जायची.

शहरातल्या राजारामपुरीत डॉक्टर अनुजांचा दातांचा दवाखाना होता. शहाऐंशी सालापासून बायडाबाई तिथं मावशी होती. दवाखाना झाडायचा, हत्यारं उकळायची, पेशंटच्या गळ्यात रुमाल बांधायचा, तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरून उभं राहायचं, आणि पोरगं रडायला लागलं की त्याला दम द्यायचा. शिक्षण चौथी. पण पेशंट खुर्चीत बसून आ करेपर्यंत कुठली पक्कड लागणार ते तिला कळलेलं असायचं, आणि डॉक्टरांनी हात पुढं करायच्या आत ती पक्कड त्यांच्या हातात असायची.

तिच्या स्वतःच्या तोंडात मात्र चारच दात. लग्न होऊन आल्यापासून मिशेरी लावत होती, त्या मिशेरीनं हिरड्या खाल्ल्या. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. "म्हशीला वरचे दात न्हाईत म्हणून काय ती उपाशी ऱ्हाती?" म्हणायची. तिचं दुःख दुसरंच होतं, आणि ते पोराच्या तोंडातलं होतं.

प्रसेनजीत लहान असताना बायडाबाई सुगीत गुऱ्हाळावर कामाला जायची. चुलवाणाच्या धगीजवळ पोरगं रडू नये, मुकादमाची बोलणी नकोत, म्हणून त्याच्या हातात गुळाचा खडा द्यायची. खडा संपला की दुसरा. पोरगं गप्प बसायचं आणि हिला वाटायचं, चला, पोरगं गुणी हाय. एकोणनव्वद साली प्रसेनजीत भरतीला गेला. धावण्यात पहिल्या दहात, छाती भरली, उंची भरली. गल्लीतली पोरं त्याला फौजी म्हणून हाका मारायला लागलेली. आणि दातांच्या तपासणीत बाद झाला. किडक्या दाढाच इतक्या निघाल्या की फौजेच्या हिशेबात तो बसेना. घरी आला, हातपाय धुतले, जेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून बापाबरोबर शिरोलीला फौंड्रीत जायला लागला. आईला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, तिनं उलटं भांडून तरी घेतलं असतं.

चौऱ्याण्णव साली त्याला मुलगा झाला. आर्यन. बारशाच्या दिवशीच बायडाबाईनं सून संघप्रियाला सांगून टाकलं, "ह्येचं नाव तुमी ठेवा, कपडे तुमी घाला, शाळा तुमी बगा. दात माझं. त्यात कुणी पडायचं न्हाई."

दवाखान्यात तिनं फ्लोराइडचं नाव ऐकलं होतं. डॉक्टर अनुजा लहान मुलांच्या दातांना फ्लोराइडचं जेल लावायच्या तेव्हा आईबापांना समजावून सांगायच्या, की गोड खाल्लं की तोंडात आम्ल होतं, ते दाताचं कवच पोखरतं, आणि फ्लोराइड त्या कवचाला पुन्हा घट्ट करतं. म्हणून पेस्ट घ्याल तर फ्लोराइडची घ्या. हे बायडाबाईनं शंभरदा ऐकलं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. हे असतं तर माझं पोरगं फौजेत गेलं असतं.

कंपनीचा माणूस दवाखान्यात यायचा तेव्हा नमुन्याच्या ट्यूबा ठेवून जायचा. डॉक्टर म्हणायच्या, "मावशी, न्या चार घरी." मावशी आठ न्यायच्या. आर्यनला दीड वर्षाचा असल्यापासून, दात आठ-दहाच असतील, ती रोज सकाळी दारातल्या कट्ट्यावर उन्हात मांडीवर घ्यायची आणि टीव्हीतल्या जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट लावून त्याचे दात घासायची. संध्याकाळी दवाखान्यातून आली की पुन्हा एकदा. डॉक्टरांना तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दहा-दहा वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईनं दात कसे घासायचे ते विचारायचं? आणि आर्यनला ती पेस्ट भलती आवडायची. एकदा तर ट्यूब पिळून चपातीला लावून खाताना सापडला. बायडाबाईनं ती गोष्ट कौतुकानं गल्लीभर सांगितली.

फळही दिसत होतं. गल्लीतल्या पोरांच्या पुढच्या दातांचे काळे खुंट झालेले, आणि आर्यनचे दुधाचे दात एकही न किडता सहाव्या वर्षापर्यंत टिकले. ती त्याला लोकांपुढं उभं करून म्हणायची, "आ कर रं." आणि तो बिचारा आ करायचा.

ते दात पडले. दोन हजार एक सालच्या जून महिन्यात, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, वरचे दोन पक्के दात हिरडीतून अर्धे बाहेर आले. एका सकाळी कट्ट्यावर त्याचे दात घासताना बायडाबाईचा हात थांबला. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं. दातांवर पांढऱ्या खडूसारख्या आडव्या रेघा होत्या, आणि एका दाताच्या मधोमध पिवळट तपकिरी ठिपका. तिनं पदराच्या टोकानं पुसलं. नखानं खरवडलं. गेलं नाही.

कीड नव्हे, एवढं तिला लगेच कळलं. कीड तिला अंधारात ओळखू आली असती. असले दात तिनं दवाखान्यात दोन-तीनदा बघितले होते, लांबच्या कुठल्यातरी गावची माणसं होती, आणि डॉक्टरांनी त्यांना विचारलेलं तिला आठवत होतं, की प्यायचं पाणी कुठलं आहे. त्यात फ्लोराइड जास्त असेल. ते नाव आठवलं आणि तिनं हातातल्या ट्यूबकडं बघितलं. महिनाभर तिनं तोंड उघडलं नाही. संघप्रियानं विचारलं तर म्हणाली, "नवं दात असंच असतंय. जातंय." आर्यन शाळेतून आला आणि म्हणाला, पोरं मला मिशेरी लावतोस काय म्हणून चिडवत्यात. त्या दिवशी मात्र तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला शाळा बुडवून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी दिवा ओढून नीट बघितलं, दात वाळवून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, हा फ्लोरोसिस आहे. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना पोटात फ्लोराइड जास्त गेलं की असे डाग पडतात. तुमच्याकडं पाणी कसलं?"

"बोअरचं," बायडाबाई घाईघाईनं म्हणाली. "गल्लीत बोअर मारल्यालं हाय. त्येचंच असणार. मी आधीपासनं म्हणतो, ते पाणी चांगलं न्हाई."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. त्याच पाण्यावर आठ वर्षं तिचं घर चाललं होतं. पण डॉक्टरांनी पाणी तपासून घ्या म्हटल्यावर तिनं त्याच दिवशी बाटली भरून प्रयोगशाळेत नेऊन दिली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत तिनं एक गोष्ट मनापासून मागितली जी कुठलंही शहाणं माणूस मागणार नाही. आपल्या गल्लीच्या पाण्यात दोष निघू दे. वीस-बावीस घरं ते पाणी पीत होती. त्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, पण दोष पाण्याचा निघू दे. आपण असला विचार करतोय याची तिला लाज वाटायची, आणि तरी ती तेच मागायची.

पाणी चांगलं निघालं. फ्लोराइड असावं त्यापेक्षा कमीच.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "मग पेस्टच. किती लावता त्याला?"

बायडाबाईनं बोटानं ब्रशची लांबी दाखवली.

"कधीपासून?"

"दीड वर्षाचा होता."

डॉक्टर म्हणाल्या, "एवढी लावली तरी थुंकून टाकली असती तर इतकं व्हायचं नाही. चूळ भरून थुंकतो ना तो?"

"न्हाई," बायडाबाई म्हणाली. "गिळतोय."

"लहान होता तेव्हा गिळत असेल. आता सात वर्षांचा आहे."

"आता बी गिळतोय. मीच शिकवलंय त्येला, मॅडम. आपल्यात थुंकत न्हाईत म्हणून."

डॉक्टरांना काही समजेना. दिवसभर खुर्चीतल्या पोरांना "थुंक, गिळू नको, थुंक" म्हणून ओरडणारी ही बाई. तेव्हा बायडाबाईनं खुर्चीशेजारचं स्टूल ओढलं, दवाखान्यात ती पेशंटपुढं कधी बसत नसे, पण त्या दिवशी बसली आणि सगळं सांगितलं.

त्र्याऐंशी साली तिच्या नवऱ्यानं, अण्णासोनं, फौंड्रीतल्या पगारातनं पैसे साठवून जुनी वस्ती सोडून मधल्या गल्लीत जागा घेतली होती. आजूबाजूला सगळी शेतकऱ्यांची घरं. समोर गणपतराव आणि त्यांची बायको आक्का, दारात चार म्हशी. माणसं वाईट नव्हती. घर बांधताना गणपतरावांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं वाळू आणून टाकली होती. पण राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात एका सकाळी बारा वर्षांचा प्रसेनजीत दारात उभा राहून राखुंडीनं दात घासत होता आणि त्यानं चूळ भरून गटारीच्या कडेला टाकली. समोरच्या ओट्यावर आक्काची सासू बसलेली. म्हातारी कुणाकडंही न बघता, हवेशी बोलावं तसं बोलली, "आता ह्यांची थुंकी बी आमच्या दारातनं व्हायची म्हणा की."

बायडाबाई कुणाचंही ऐकून घेणारी नव्हती. अण्णासोला वाटलं, आता गल्ली डोक्यावर घेणार. पण ती मुकाट्यानं बादली घेऊन आली, गटारीवर पाणी मारलं आणि पोराला दंडाला धरून आत नेलं. लहानपणी तिची आज्जी तिला सांगायची, की पेशव्यांच्या काळात आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधलेलं असायचं, थुंकायचं झालं तर त्यात थुंकायचं, भुईवर पडू द्यायचं नाही. आज्जी ते सांगताना रडायची नाही, उलट जोरात सांगायची, आता ते दिवस गेले म्हणून. बुद्धाच्या वाटेनं आलो, ते सगळं मागं टाकलं म्हणून. बायडाबाईलाही ते मागं पडलंय असंच वाटायचं. त्या सकाळी म्हातारीचं वाक्य कानावर आलं आणि तिचा हात आपसूक गळ्याकडं गेला.

तेव्हापासून तिच्या घरातलं माणूस दारात थुंकलं नाही. मोठी माणसं आत मोरीत चूळ भरायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायची. पण दीड वर्षाच्या पोराला अंधाऱ्या, निसरड्या मोरीत कसं बसवायचं? म्हणून कट्ट्यावर, उन्हात. आणि कट्ट्यावर म्हटलं की, "गिळ बाळा, ग्वाड हाय. थुंकायचं न्हाई. आपल्यात थुंकत न्हाईत." पोरगं शहाणं. एकदा सांगितलं की पुन्हा सांगायला लागायचं नाही. आणि समोर गणपतराव रोज तीन वेळा पान खाऊन विजेच्या खांबावर अशी पिंक मारायचे, की खांब छातीइतका लाल झाला होता. त्यांना कधी कुणी काय म्हटलं?

सांगून झाल्यावर बायडाबाई म्हणाली, "मॅडम, आता एक काय ते सांगा. हे औषध हाय का इख हाय?"

डॉक्टर अनुजा सावकाश बोलल्या. डाग जाणार नाहीत, पण मोठा झाला की ते झाकता येतील, आणि हे दात कमजोर मुळीच नाहीत. त्याच्या तोंडात एक कीड नाही, तेही फ्लोराइडमुळंच. ते दाताला बाहेरनं लागलं की काम करतं. पोटात गेलं की आत घडत असलेल्या दाताला बाधतं. सोडूही नका आणि खाऊही देऊ नका. लहान मुलाला जोंधळ्याच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि थुंकायला शिकवायचं. मग त्यांनी विचारलं, "धाकटी केवढी आहे?"

धाकटी सोनम. येत्या ऑगस्टात दोन पूर्ण होणार होती. तिला गेल्या दिवाळीपासून हीच पेस्ट, हाच ब्रश, हीच शिकवण.

"तिचे पक्के दात आत्ता घडतायत, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

घरी जाऊन बायडाबाईनं सुनेला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. दवाखान्यात काय बोलणं झालं ते कुणी तिसऱ्यानं ऐकलं नव्हतं, आणि पाण्याचा रिपोर्ट इंग्रजीत होता. पण एकदा पोराच्या तोंडाचं नुकसान करून ती बारा वर्षं गप्प बसली होती, दुसऱ्यांदा गप्प बसणं तिला जमलं नाही. संघप्रिया बारावी शिकलेली, घरी शिवणकाम करायची, कमी बोलायची. तिनं मशीन थांबवलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आत्ती, तुमी माज्या पोराला रोज सकाळ-संध्याकाळ इख चारलासा." मग उठली, फडताळातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत भरल्या आणि उकिरड्यावर टाकून आली. कुठल्याशा पेपरात तिनं वाचलंही होतं, पेस्ट म्हणजे विषच असतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पोरांच्या हातावर राखुंडी आली. दात माझं, असं म्हणणाऱ्या सासूनं काही बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं.

आणि बायडाबाई खरंच बोलली नाही. दवाखान्यातही तिचं बोलणं आटलं. आईबापांना पेस्टबद्दल सांगायची वेळ आली की ती कापूस आणायच्या निमित्तानं आत जायची. आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटायचं. गल्लीत कुणी हसलं तरी ती दुसरीकडं बघायची. अण्णासो म्हणाला, "आगं, तू बोलत न्हाईस तर गल्ली सुनी सुनी वाटाय लागलीया." तरी ती हसली नाही.

राखुंडीचे सात महिने गेले. सोनमला चहात बुडवलेली बिस्किटं लागायची आणि रात्री दुधाची बाटली तोंडात धरल्याशिवाय झोप यायची नाही, दुधात दोन चमचे साखर. फेब्रुवारीत एक दिवस ती आज्जीच्या मांडीवर खिदळत होती आणि बायडाबाईला तिच्या वरच्या ओठाखाली काहीतरी दिसलं. तिनं ओठ उचलला. हिरडीला लागून चारही दातांवर पांढरी खडूची रेघ होती. एका ठिकाणी ती पिवळी पडायला लागलेली.

ही रेघ तिच्या ओळखीची होती. दवाखान्यात शेकडो पोरांच्या तोंडात बघितलेली. इथूनच सुरू होतं, मग तपकिरी, मग काळं, मग गाल सुजतो. कीड लागायच्या आधीची रेघ. एका नातवाला जास्त झालं म्हणून पांढरं आणि दुसरीला मिळालं नाही म्हणून पांढरं. दोन्हीकडं पांढरंच, आणि दोन्ही तिच्याच घरात. ती बराच वेळ सोनमचा ओठ तसाच धरून बसली, शेवटी पोरगी रडायला लागली.

संध्याकाळी ती सुनेपुढं उभी राहिली. आवाज चढवला नाही. "संघप्रिया, माझं चुकलं हाय, ते मी मरंस्तवर म्हणणार. पर हे बग." तिनं सोनमचा ओठ उचलून दाखवला. "ही कीड हाय. आत्ता थांबिवली तर थांबती. तुज्या नवऱ्याच्या दाढा अशाच गेल्या."

"मग पुन्यांदा तेच चारायचं?"

"चारायचं न्हाई. लावायचं. चुना पानाला किती लावतीस? बोटाच्या शेंड्याएवढा. म्हणून काय कुणी चुन्याला इख म्हणतंय? पर कुणी डबी चाटली तर तोंड सोलून निघंल. मी पोराला डबी चाटाय लावली. चुन्याचा दोष न्हाई तो, माझा हाय. बाटली बंद करू, साखर बंद करू, ते तर करूच. पर जोंधळ्याएवढी पेस्ट लावू दे. तूच लाव, तुज्या हातानं."

संघप्रिया लेकीच्या दातांकडं बघत राहिली. सगळ्या ट्यूबा उकिरड्यावर टाकल्या हे आपलंही चुकलं, असं तिच्या मनात आलं असेल तर ते ती बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आणि थुंकाय कोण शिकवणार हिला? घरात तर कुणी थुंकत न्हाई. आर्यनला बघून ही बी गिळाय शिकलीया. तुमी शिकवणार?"

बायडाबाईनं आत मोरीकडं बघितलं. मोरीत नेऊन शिकवता आलं असतं. सोनम आता अडीच वर्षांची होती, मोरीत उभी राहिली असती. पण मोरीत लपून थुंकायला शिकलेलं पोर पुन्हा दारात गिळणारच, हे तिला समजत होतं. तिनं ज्या दारात बंदी घातली त्याच दारात तिनंच ती उठवायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन्ही नातवंडांना घेऊन कट्ट्यावर आली. संघप्रियानं रात्रीच दुकानातनं आणलेल्या ट्यूबमधनं दोन ब्रशांवर पेस्टचे दोन दाणे ठेवले, आणि सासूनं हात पुढं केला तसा तिसऱ्या ब्रशवरही ठेवला. चार दातांना ब्रश. समोर आक्का म्हशीची धार काढत होती. बायडाबाईनं चार दात घासले, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि थांबली. एकोणीस वर्षांत या गल्लीत तिची थुंकी पडली नव्हती. गाल फुगलेले तसेच ठेवून ती उभी राहिली, इतका वेळ की सोनम तिच्या तोंडाकडं बघून हसायला लागली.

मग तिनं गटारीकडं तोंड केलं आणि थुंकली. चांगली आवाज करून, लांब.

आक्कानं मान वर केली.

"आक्का," बायडाबाई म्हणाली, आणि सात महिन्यांनी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, "हा दात घासल्याला फेस हाय. उन्हं आली की वाळून जातोय. तुमच्या मालकांची पिंक खांबावरनं दहा पावसाळं झालं तरी गेली न्हाई. तवा माज्या फेसाबद्दल कुणी काय बोलायचं न्हाई."

आक्का हात थांबवून बघत राहिली. "मी कवा काय म्हटलं गं?" ती म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. सासू मरून दहा वर्षं झाली होती, आणि ते वाक्य त्या सकाळी कानावर पडलं असेल तरी आक्काच्या लक्षात राहायचं कारण नव्हतं. ते फक्त बायडाबाईच्या घरात राहिलं होतं. "थुंक की," आक्का म्हणाली, "गटार काय माज्या बाची हाय?" आणि पुन्हा धार काढायला लागली.

सोनमला हा खेळ आवडला. आज्जीसारखे गाल फुगवून तिनं थुंकलं, निम्मं फ्रॉकवर, निम्मं आज्जीच्या पायावर. पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा थुंकलं. संघप्रिया दारात उभी राहून बघत होती, ती हसली, आणि सासूनं ते बघितलं.

आर्यन बाजूला उभा होता. तोंडात पाणी, ओठ घट्ट मिटलेले. आठव्या वर्षात होता, सगळं कळत होतं त्याला. तो आधी आज्जीकडं बघत होता, मग समोर आक्काकडं, मग पुन्हा आज्जीकडं.

"थुंक बाळा," बायडाबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली. नाही.

"थुंक. काय हुत न्हाई. आज्जी थुंकली न्हवं?"

त्याचा गळा हलला. गिळलं होतं त्यानं. तोंड उघडून त्यानं आज्जीला रिकामं तोंड दाखवलं, लहानपणापासून दाखवायचा तसंच, शाबासकीसाठी. रेघा ओढलेले ते दोन दात उन्हात स्पष्ट दिसले.

बायडाबाई खाली बसली. त्याला जवळ ओढून तिनं त्याचं तोंड आपल्या पदरानं पुसलं, आणि आक्का बघत असताना, सून बघत असताना, ती रडली. "माझं चुकलं रं," ती म्हणाली, "तुला मी चुकीचं शिकवलं."

त्या दिवशी आर्यन थुंकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी तो शाळेला निघताना गटारीपाशी थांबला, इकडंतिकडं बघितलं, आणि थुंकला. मग आज्जी आता मारते की काय, म्हणून मागं वळून बघत उभा राहिला.